ज्याने वळून पाहिलं

पिंजऱ्यात मांसाचा तुकडा ठेवलेला आहे. त्याला बांधलेल्या दोरीचं टोक बाहेर आलेलं. दोरी दातांत धरून ओढली की मांस बाहेर येतं, हे समोरच्या जनावराला दोन-चारदा करून चांगलं कळलेलं आहे. मग एका खेपेला दोरी आतून गुपचूप पक्की बांधली जाते. आता कितीही ओढा, मांस जागचं हलत नाही. आणि मागे, थोड्याच अंतरावर, त्या जनावराला लहानाचं मोठं करणारं माणूस नुसतं उभं आहे.

लांडगा असेल तर तो ओढत राहतो. दात बदलतो, बाजू बदलतो, पुन्हा ओढतो. कुत्रा असेल तर थोडं ओढून बघतो, थांबतो, मान वळवतो आणि माणसाच्या तोंडाकडे बघतो.

बुडापेस्टच्या अटव्हश लोरांड विद्यापीठात आडाम मिक्लोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग केला आणि २००३ साली प्रसिद्ध केला. त्यातले लांडगे रानातून धरून आणलेले नव्हते. डोळे उघडायच्या आधीपासून ते माणसांच्या हाताखाली वाढले होते. बाटलीने दूध पाजलेले, अंगाखांद्यावर खेळवलेले. माणसाची सवय हा फरकाचा मुद्दाच उरला नव्हता. तरीही अडलं तेव्हा लांडग्यांना मागे वळून बघावंसं वाटलं नाही. कुत्र्यांना वाटलं, आणि लगेच वाटलं.

कुत्र्याची इमानदारी, राखण, शिकारीतली साथ यांचं कौतुक आपण पिढ्यान् पिढ्या करत आलो. मला मात्र या मान वळवण्यापुढे ते सगळं दुय्यम वाटतं. जगात लाखो जातींचे प्राणी आहेत आणि त्यांतल्या एकाने, स्वतःच्या जातीबाहेरच्या एका दोन पायांच्या प्राण्याकडे बघून, ‘आता तूच बघ काय ते’ असं म्हणायला शिकावं, ही साधी गोष्ट नाही.

आणि त्याने बघितल्यावर आपलं जे होतं, तेही साधं नाही.

कुत्रा खालून वर बघतो तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे जरा लक्ष देऊन पाहा. भुवईचा नाकाकडचा कोपरा वर उचलला जातो. डोळा एकदम मोठा, गोल दिसू लागतो. बुबुळाखाली पांढऱ्याची एक बारीक कड चमकून जाते. हे सगळं क्षणभराचं असतं, पण तेवढ्यात हातातला बिस्किटाचा तुकडा आपल्या हातात राहिलेला नसतो. युलियाने कामिन्स्की आणि अ‍ॅन बरोज या दोघींनी सहकाऱ्यांसह मेलेल्या कुत्र्यांच्या आणि लांडग्यांच्या चेहऱ्यांचं विच्छेदन करून ही हालचाल येते कुठून ते शोधलं. २०१९ साली त्यांचा निबंध आला. भुवईचा आतला कोपरा उचलणारा छोटा स्नायू त्यांनी तपासलेल्या प्रत्येक कुत्र्यात ठसठशीत सापडला. लांडग्यात त्या जागी जेमतेम काही तंतू होते. बाकी दोघांचा चेहरा जवळजवळ सारखाच.

थोडक्यात, माणसाच्या सहवासात राहून कुत्र्याच्या चेहऱ्याचा एक स्नायू भरला. त्याला लागलेली हजारो वर्षं म्हणजे उत्क्रांतीच्या हिशेबात अगदीच थोडा काळ. कुणी बसून ठरवलं नव्हतं की भुवई उचलणारी कुत्री पाळू या. पण कडाक्याच्या थंडीत शेकोटीजवळ कुणाला सरकू द्यायचं आणि हाड कुणापुढे टाकायचं, हे माणसं रोज ठरवतच होती. ब्रिटनमधल्या निवाऱ्यांतल्या कुत्र्यांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. माणूस समोर आल्यावर ज्यांनी भुवई जास्त वेळा उचलली, त्यांना घर लवकर मिळालं होतं. ती निवड आजही चालूच आहे, आणि ती करणाऱ्यांना आपण काही निवडतोय हे ठाऊकही नसतं.

इथे मला एक जुनी गोष्ट आठवते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाच्या वाटेवर दोन कुत्रे आहेत आणि त्यांना चार डोळे आहेत. पारशी समाजात माणूस गेल्यावर मृतदेहावर कुत्र्याची नजर पडू देण्याचा विधी आहे, त्याला सगदीद म्हणतात. आणि त्यासाठीही चार डोळ्यांचा कुत्रा उत्तम मानला गेला. हा चार डोळ्यांचा कुत्रा आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. काळं कुत्रं, आणि दोन्ही डोळ्यांच्या वर एकेक तांबूस ठिपका. ते ठिपके नेमके त्या हलणाऱ्या भुवईवर बसलेले असतात. भुवई उचलली की ठिपका उचलला जातो आणि लांबूनही दिसतो. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांना त्या ठिपक्यांत जास्तीचे डोळे दिसले, ते यामुळेच असावेत असा माझा तर्क आहे. विच्छेदनाच्या टेबलावर स्नायू सापडण्याच्या कितीतरी आधी कुणीतरी त्या जागेकडे टक लावून पाहिलं होतं.

पारशांच्या मनातलं कुत्र्याचं स्थान किती खोल होतं, ते मुंबईने १८३२ च्या जूनमध्ये पाहिलं. सरकारने मोकाट कुत्री मारायचा हुकूम काढला होता आणि प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवलं होतं. बक्षिसाच्या लोभाने शिपाई घराच्या दारातली कुत्रीही मारू लागले, तेव्हा पारशी रस्त्यावर उतरले. त्यांना हिंदू, जैन, मुसलमान येऊन मिळाले. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद, कोटातल्या साहेबलोकांचा आणि कुलाब्याच्या पलटणीचा रसदपुरवठा बंद. शहर ठप्प करून आपलं म्हणणं मांडायची रीत मुंबईत पुढे फार रुजली. तिच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांतलं हे एक, आणि ते कुत्र्यांसाठी होतं.

नजरेकडे परत येऊ. जपानच्या अझाबू विद्यापीठात मिहो नागासावा आणि ताकेफुमी किकुसुई यांनी माणसांना आपापल्या कुत्र्यासोबत अर्धा तास एका खोलीत ठेवलं. आधी आणि नंतर दोघांच्याही लघवीतलं ऑक्सिटोसिन मोजलं. ऑक्सिटोसिन म्हणजे बाळंतपणात आणि अंगावर पाजताना आईच्या शरीरात वाढणारं संप्रेरक. आई आणि बाळ एकमेकांच्या डोळ्यांत बघतात तेव्हा त्याचा मोठा वाटा असतो. ज्या जोड्यांत कुत्र्याने माणसाच्या डोळ्यांत जास्त वेळ पाहिलं, तिथे माणसाचं ऑक्सिटोसिन वाढलं होतं. आणि कुत्र्याचंही. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांच्या बाबतीत असं काही झालं नाही. २०१५ साली हे ‘सायन्स’मध्ये छापून आलं. अशा प्रयोगांत प्राणी थोडे असतात, त्यामुळे एकाच निबंधावर सगळी भिस्त ठेवू नये हे खरं. पण त्यातून दिसलेलं चक्र विलक्षण आहे. तो बघतो, त्यामुळे आपल्याला माया वाटते. आपण त्याला गोंजारतो, त्यामुळे त्याला माया वाटते, आणि म्हणून तो आणखी बघतो. माता आणि लेकरू यांच्यासाठी निसर्गाने लाखो वर्षांपूर्वी जी वाट पाडली, त्याच वाटेने एक परका प्राणी आपल्या काळजापर्यंत येऊन पोचला.

किकुसुईंच्याच गटाने २०२२ साली आणखी एक गोष्ट मोजली. पाच-सात तासांनी मालक घरी परतल्यावर कुत्र्याच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी धरून पाहिलं, तर डोळ्यांतलं पाणी वाढलेलं होतं. ओळखीचंच पण दुसरं माणूस आलं, तर वाढलं नाही.

हे सगळं सुरू कधी झालं असेल?

१९१४ च्या फेब्रुवारीत जर्मनीत बॉनजवळच्या ओबरकासेल इथे खाणीत काम करणाऱ्या मजुरांना दगडांखाली हाडं सापडली. एक पुरुष, एक तरुण बाई, हाडांवर तांबड्या गेरूचे डाग. सोबत जनावराचीही हाडं होती. ती बराच काळ नीट कुणी पाहिलीच नाहीत. सत्तरच्या दशकात पुन्हा तपासताना लक्षात आलं की त्यांतला जबडा कुत्र्याचा आहे. ही दफनभूमी सुमारे १४,००० वर्षांपूर्वीची. तेव्हा जगात कुठे शेती नव्हती. गाय, शेळी, मेंढी यांतलं काहीच माणसाने पाळलेलं नव्हतं.

पुढे ल्यूक यान्सेन्स या पुरातत्त्व अभ्यासकाने ते दात हातात घेतले. यान्सेन्स मूळचे पशुवैद्य, म्हणून त्यांना इतरांना न दिसलेलं दिसलं. दाताचं कवच पिल्लू वाढताना थराथराने तयार होतं. मोठं आजारपण आलं की थर नीट बसत नाही आणि तिथे आडवी खोलगट रेघ राहते. या पिल्लाच्या दातांवर अशा खुणा एकदा नाही, पुन्हा पुन्हा उमटलेल्या होत्या. त्यांच्या अंदाजाने ते डिस्टेंपरने आजारी होतं. पाच महिन्यांचं असताना आजार लागला, उलटून उलटून आला आणि सातव्या महिन्याच्या आसपास पिल्लू गेलं.

डिस्टेंपर झालेलं पिल्लू ज्यांनी घरात पाहिलं आहे त्यांना हे वाचून पोटात कालवेल. ताप, उलट्या, जुलाब, पुढे झटके. स्वतः उठून पाण्यापर्यंत जायची ताकद राहत नाही. सांभाळायला कुणी नसेल तर असं पिल्लू थोड्याच दिवसांत मरतं. हे कित्येक आठवडे जगलं. याचा अर्थ कुणीतरी त्याला पाणी पाजलं, अंग पुसलं, ऊब दिली. तेही हिमयुगाच्या अखेरीच्या त्या युरोपात. ते पिल्लू कधी शिकारीला गेलं नसणार, त्याने कधी राखण केली नसणार. त्याचा काडीचा उपयोग नव्हता. उपयोगासाठी माणसाने कुत्रा पाळला, हे आपण शाळेपासून शिकत आलो. या दातांवरच्या रेघा बघून मला ते अपुरं वाटू लागलं आहे. उपयोग होताच, नाही असं नाही. पण माया त्याच्यामागून आली की बरोबरच आली?

लांडगा माणसाजवळ आला कसा, यावर अभ्यासकांत अजून वाद आहेत. माणसांनी पिल्लं उचलून आणली असतील, किंवा धीट लांडगे वस्तीच्या कडेला उष्ट्यासाठी घुटमळू लागले असतील. रशियात नोवोसिबिर्स्कला दिमित्री बेल्यायेव आणि ल्युडमिला त्रूत यांनी १९५९ पासून पिंजऱ्यातले रुपेरी कोल्हे फक्त एकच गुण पाहून वाढवले: माणूस जवळ आल्यावर जो कमी घाबरतो, त्याचीच पुढची पिढी. थोड्याच पिढ्यांत कोल्ह्यांची पिल्लं माणूस दिसताच शेपटी हलवू लागली, हात चाटू लागली. भीती कमी झाली की बाकीचं किती भरभर बदलतं, हे त्यांनी दाखवलं. कुत्र्यांच्या जनुकांतही तशा खुणा आहेत. माणसात विल्यम्स सिंड्रोम नावाची एक जन्मजात अवस्था असते, तिच्यात मूल कुणाही अनोळख्याशी विलक्षण लळ्याने वागतं. त्या अवस्थेशी निगडित जनुकांच्या पट्ट्यातच कुत्रे आणि लांडगे वेगळे पडतात, आणि त्यांतले बदल माणसाच्या ओढीशी जुळतात, असं ब्रिजेट फॉनहोल्ड्ट यांच्या गटाने २०१७ साली मांडलं.

पण मला सगळ्यांत आपला वाटतो तो भाकरीचा पुरावा. लांडग्याच्या अंगात पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या दोन प्रती असतात. कुत्र्यात त्या ४ ते ३० पर्यंत सापडतात. एरिक अ‍ॅक्सेलसन यांच्या गटाने २०१३ साली ‘नेचर’मध्ये हे प्रसिद्ध केलं. जिथे शेती पोचलीच नाही तिथल्या कुत्र्यांत, म्हणजे बर्फावर गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांत आणि ऑस्ट्रेलियाच्या डिंगोंत, या प्रती कमी आहेत. माणसातही, लाळेत पिष्ट फोडणारा रस बनवणाऱ्या जनुकाच्या प्रती अशाच वाढलेल्या आहेत. आपण धान्य खायला लागलो आणि आपल्या ताटाखालचा प्राणीही आपल्याबरोबर धान्यावर आला. खेड्यात परातीतल्या उरल्या पिठाची शेवटची लहानशी भाकरी कुत्र्यासाठी थापायची चाल आहे. ती भाकरी पचवायची सोय मांसाहारी लांडग्याच्या वंशजाच्या पेशीपेशीत होऊन बसलेली आहे. नामदेवांची भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणत, ही कथा आपण लहानपणी ऐकतो. त्या कुत्र्याने मांसाच्या वासाने नव्हे, भाकरीसाठी घरात शिरावं, हे मला आता कथेइतकंच नवलाचं वाटतं.

देवांच्या सोबतीलाही तो आहेच. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री, जेजुरीच्या खंडोबाजवळ कुत्रा. आणि खंडोबाचे वाघ्ये तर स्वतःला देवाचं कुत्रं म्हणवतात, कोटंबा या भांड्यातला प्रसाद तोंड लावून खातात. युधिष्ठिराने कुत्र्यासाठी स्वर्गाचं दार नाकारल्याचं महाभारत सांगतं. एकीकडे एवढा मान, आणि दुसरीकडे रस्त्यावरच्या कुत्र्याला दिवसभर ‘हाड!’

ही रस्त्यावरची कुत्री, माझ्या मते, या नात्याची खरी परीक्षा आहेत. जगातली बहुसंख्य कुत्री कुणाच्या मालकीची म्हणून घरात राहत नाहीत. ती अशीच वस्तीत जगतात. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी अनेक वर्षं त्यांचाच अभ्यास करत आहेत. त्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांपुढे दोन झाकलेली भांडी ठेवली आणि अनोळखी माणसाने त्यांतल्या एकाकडे बोट दाखवलं. जवळपास निम्मी कुत्री जवळच आली नाहीत; माणसांचे वाईट अनुभव घेतलेली असावीत. पण जी आली, त्यांतल्या सुमारे ८० टक्के कुत्र्यांनी बोट ज्या दिशेला होतं तेच भांडं गाठलं. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी पाळलं नव्हतं. आपल्या सगळ्यांत जवळच्या नातेवाइकाला, चिंपांझीला, अशा परीक्षेत कुत्र्याइतकं जमत नाही.

त्यांचा २०१७ चा प्रयोग मला त्याहून मोठा वाटतो. काही कुत्र्यांना अनोळखी माणसाने पुन्हा पुन्हा खाऊ दिला, काहींच्या डोक्यावरून नुसता हात फिरवला. पुढे विश्वास ठेवून हातून खायला जास्त तयार झाली ती हात फिरवलेली कुत्री. भुकेलं जनावर, कचऱ्यावर जगणारं, आणि त्याला जिंकून घेतलं ते कुरवाळण्याने.

याच गटाने ३६४ पिल्लांच्या नोंदी ठेवल्या होत्या. सात महिन्यांपर्यंत त्यांतली फक्त १९ टक्के जगली. मेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांच्या मरणामागे माणूस होता: गाडीखाली येणं, विष, मारहाण, उचलून नेणं. आणि उलट बाजूने, कुत्र्याच्या चाव्यातून होणारा रेबीज आपल्याकडे आजही गरिबांची मुलं नेतो, आणि लक्षणं दिसू लागल्यावर त्याला इलाज नाही. ज्या घरात असं मरण झालं आहे, त्या घरासमोर कुत्र्याच्या प्रेमळ नजरेची गोष्ट सांगायचा अधिकार कुणालाच नाही. लस आणि नसबंदी हे या नात्याचंच काम आहे. ते नेटाने व्हायला हवं.

हे नातं अगदी मुळापासून पाहायचं तर पुणे, सोलापूर, अहिल्यानगरच्या माळरानावर जावं. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे मेंढरं घेऊन निघतात. रात्री मेंढरं जाळीच्या कुंपणात, माणसं उघड्यावर, आणि कडेला अंधाराकडे तोंड करून कुत्री. अंधारात लांडगा असतो. भारतातला लांडगा हा जगातल्या लांडग्यांच्या सर्वांत जुन्या शाखांपैकी एक मानला जातो. आपली कुत्री मात्र त्याची लेकरं नव्हेत. ती उत्तरेकडच्या, आता नामशेष झालेल्या लांडग्यांच्या कुळातली. म्हणजे वाड्याच्या कडेला जे समोरासमोर येतात ते फार लांबचे चुलत भाऊ. एक माणसाकडे वळला, दुसरा वळला नाही. वळलेला आता न वळलेल्यापासून माणसाचं धन राखतो.

आणि ती हद्द पुसट होऊ लागली आहे. पुणे जिल्ह्यातल्या माळरानावर वेगळ्याच रंगाचे लांडगे दिसू लागले, म्हणून अभ्यासकांनी त्यांचे नमुने तपासले. ते लांडगा आणि कुत्रा यांच्या संकरातून झालेले आहेत हे २०२३ साली जनुकांवरून पक्कं झालं. माळरानं शेतीत, कारखान्यांत, रस्त्यांत जात आहेत. लांडग्याला जोडीदार मिळणं कठीण होतंय आणि वस्तीतली कुत्री सगळीकडे आहेत. त्यांच्याबरोबर डिस्टेंपरसारखे रोगही माळावर जातात. म्हणून माळालगतच्या गावांतल्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण व्हावं, असं लांडग्यांवर काम करणारी मंडळी सांगत आहेत. धनगराच्या मेंढरांसाठी रात्रभर जागणारा तो कुत्राही त्या नसबंदी-लसीकरणाच्या यादीत येतो.